टाकी फुटली, पाणी खालच्या घरात, भरपाई कोणाकडून?

प्रश्न: ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि २ फूट उंच फिश टँक घरी बसवला. स्टँड सुताराकडून करून घेतला; मापं त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. अठराव्या रात्री तळाची काच तडकली आणि पाणी झिरपून खालच्या घराचं फॉल्स सीलिंग खराब झालं. शेजारी माझ्याकडे पैसे मागतात. सुतार म्हणतो काच कच्ची होती, टाकीवाला म्हणतो स्टँड लेव्हलला नव्हता. एका बाजूला पाणी काठाच्या जास्त जवळ दिसत होतं, म्हणून मी त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली होती. दावा कोणावर लावू?

उत्तर: पुठ्ठ्याचं तुम्ही ओघात लिहिलंत, पण पत्रातलं सगळ्यात महाग वाक्य तेच आहे. त्याच्याकडे येतोच.

आधी शेजारी. त्यांचा ना सुताराशी व्यवहार झाला ना टाकीवाल्याशी. पाणी तुमच्या घरातून आलं, तेव्हा ते तुमचंच दार वाजवणार. साठवलेलं पाणी निसटून दुसऱ्याचं नुकसान झालं तर चूक नसतानाही जबाबदारी येते, हा ‘रायलँड्स विरुद्ध फ्लेचर’ या इंग्लंडमधल्या खटल्यातला १८६८ चा नियम. घरातल्या नळ-बेसिनच्या पाण्याला तो लागू नाही, असं प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश साम्राज्याचं वरिष्ठ अपील न्यायालय) १९१३ मध्ये ‘रिकर्ड्स विरुद्ध लोथियन’मध्ये सांगितलं. तुमची ३४० लिटरची टाकी या दोहोंपैकी कुठे बसते यावर आम्ही वकील आनंदाने दिवस घालवू, पण तुम्हाला ती चैन परवडणार नाही. टाकी कलली आहे हे दिसूनही तुम्ही ती भरलेली ठेवलीत. साधा निष्काळजीपणा दाखवायला एवढं पुरतं. दुरुस्तीचं वाजवी बिल घ्या, पैसे द्या आणि ‘या घटनेबाबत आता काही मागणं नाही’ असं लिहून सही घ्या. मात्र पैसे देण्याआधी सुताराला आणि टाकीवाल्याला लेखी कळवा की नुकसान येऊन पाहून जा. नाहीतर उद्या ‘आम्हाला न विचारता वाटेल तेवढे दिले’ हे ऐकावं लागेल.

आता सुतार. सगळा खेळ त्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर आहे. नुसती मापं आणि ‘अस्संच कर’ एवढंच असेल तर डिझाइन तुमचं. त्याच्याकडे फक्त मालाचा आणि कामाचा दोष राहतो. पण ‘फिश टँकसाठी आहे, भरल्यावर साडेचारशे किलोच्या घरात जाईल’ असं कुठेही लिहिलं असेल, तर तुम्ही हेतू सांगितला आणि त्याच्या कसबावर विसंबलात. अशा वेळी वस्तू त्या हेतूला पुरी पडलीच पाहिजे, असं वस्तुविक्री अधिनियम, १९३० चं कलम १६ सांगतं. करार अधिनियमाच्या कलम ७३ खालीही, करार करताना दोघांना ठाऊक असलेलं संभाव्य नुकसान मागता येतं. मेसेज डिलीट करू नका, फोनही बदलू नका.

काम अंगावर दिलं होतं की रोजावर, हेही सांगा. ठरीव रकमेवर स्वतःच्या मालासकट काम घेणारा सुतार ग्राहक कायद्यात येतो. रोजावर, तुमच्या हाताखाली राबणाऱ्याबाबत ‘हा व्यक्तिगत सेवेचा करार, त्याला ग्राहक कायदा लागू नाही’ असा बचाव निघू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने हा फरक १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालात मांडला आहे. पक्कं बिल नसलं तरी ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद चालेल.

स्टँड भंगारात देऊ नका, काचेचे तुकडेही जपून ठेवा. काच शाबूत राहून सिलिकॉनचा जोड सुटला असता तर बोट टाकीवाल्याकडे गेलं असतं. तळाची काचच तडकली तेव्हा संशय आधी आधारावर जातो. स्टँडची वरची फळी बाजूच्या फळ्यांवर टेकली आहे की त्यांच्या मध्ये नुसत्या स्क्रूंवर लटकली आहे, ते बघा. लटकली असेल तर सगळं वजन स्क्रूंवर होतं. ओढल्या गेलेल्या भोकांचे जवळून फोटो घ्या. आत पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) निघाला तर सुतार म्हणेल, ‘फुगला तो टाकी फुटल्यावर भिजून.’ म्हणून तुम्ही स्वतः काही उकलू नका. दोघांना तारीख देऊन बोलावा आणि त्यांच्यासमोर तटस्थ इंजिनियरकडून पाहणी करून लेखी अहवाल घ्या.

आधी स्पीड पोस्टने नोटीस द्या, दोघांनाही. एकालाच पकडलंत तर तो गैरहजर असलेल्यावर ढकलेल. तडजोड झाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोघांविरुद्ध एकच तक्रार करा. मुदत २ वर्षांची. २०१९ च्या कायद्यामुळे ती तुम्ही राहता तिथल्या आयोगात करता येते, आणि दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मेलेल्या माशांची किंमत बिल असेल तर मागा. मनस्तापाची रक्कम फुगवू नका, खरी मागणीही संशयास्पद दिसते.

राहिला पुठ्ठा. तो लपवू नका. उलटतपासणीत निघालाच तर तुमच्या बाकीच्या शब्दांचीही किंमत जाईल. रक्कम त्याच्यामुळे कमी होईल, हे धरून चला. पण पुठ्ठा दोन्हीकडून कापतो: टाकी फुटायच्या आधीच ती कललेली होती याचा पुरावाही तोच आहे. कलली ती स्टँडमुळे की फरशीच्या उतारामुळे, एवढं ठरवायचं बाकी आहे. इंजिनियर येईल तेव्हा स्टँड बाजूला करून त्या मोकळ्या जागेवर आधी स्पिरिट लेव्हल ठेवायला सांगा, आणि बुडबुडा कुठे थांबतो त्याचा फोटो घ्या. मग चारही पायांची उंची मोजून घ्या.