हँडब्रेक पूर्ण ओढला तरी गाडी उतारावर घसरते. केबल दोनदा ताणूनही फरक पडत नाही. काय करावे?

तुम्ही लिहिलंय की गाडी २०१४ ची छोटी हॅचबॅक आहे, मागच्या चाकांना ड्रम (चाकाबरोबर फिरणारे ब्रेकचे गोल डबे) आहेत, हँडब्रेकची दांडी दहा-अकरा खटके वर येते आणि तरी यवतेश्वरच्या चढावर गाडी मागे सरकते. गॅरेजमध्ये दोनदा केबल ताणून घेतलीत, दोन्ही वेळा पंधरा दिवस बरं वाटलं आणि मग पुन्हा तेच. शेवटी एक ओळ सहज लिहावी तशी लिहिलीत, की हल्ली लांबून आल्यावर मागचं डावं चाक उजव्यापेक्षा जास्त तापलेलं असतं. माझ्या दृष्टीनं तीच ओळ सगळ्यांत महत्त्वाची आहे. तिसऱ्यांदा केबल ताणू नका. दोष केबल ताणायच्या नटाशी नाही, ड्रमच्या आत आहे.

मी साताऱ्यात गोडोलीच्या बाजूला बावीस वर्षं गाड्यांचं काम करतोय. आपल्याकडे उताराला तोटा नाही. समर्थ मंदिरापासून वर निघालं की यवतेश्वरचा घाट, बोगद्यातून पलीकडे गेलं की सज्जनगड आणि ठोसेघर, शिवाय अजिंक्यताऱ्याचा रस्ता. हँडब्रेकची तक्रार आली नाही असा आठवडा जात नाही, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त गाड्यांची केबल आधीच कुणीतरी ताणून ठेवलेली असते.

ताणल्यानं बिघडतं काय, ते सांगतो. दांडी ओढली की केबल ड्रमच्या आतला एक छोटा लिव्हर ओढते, तो लिव्हर दोन्ही लायनर (घासून चाक थांबवणाऱ्या, अस्तर लावलेल्या पट्ट्या) बाहेर ढकलतो आणि ते ड्रमला आतून टेकतात. लायनर झिजत जातात तसं ड्रम आणि लायनरमधलं अंतर वाढतं. ते भरून काढायला आत दात्यांचा ॲडजस्टर असतो. बहुतेक गाड्यांत तो पायाचा ब्रेक मारता मारता आपोआप एकेक दाता पुढे सरकतो. पण त्यासाठी एक अट आहे. ब्रेक सोडल्यावर तो छोटा लिव्हर पूर्ण मागे, आपल्या जागेवर जाऊन बसला पाहिजे. केबल ताणून ठेवली की तो अर्धवट ओढलेलाच राहतो आणि ॲडजस्टरचं काम थांबतं. लायनर झिजत राहतात, अंतर वाढत राहतं, दांडी पुन्हा वर येते, पुन्हा कुणीतरी नट पिळतो. एका बाजूचा लिव्हर गंजून जाम असेल तर त्या चाकाचे लायनर सतत घासतात आणि चाक तापतं. तुमच्या डाव्या चाकाचं हेच झालं असावं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. नऊ वर्षांपूर्वी कासच्या सीझनमध्ये, शनिवारी संध्याकाळी, एक नेहमीचे गिऱ्हाईक आले. सकाळी घरच्यांना फुलं दाखवायला न्यायचं होतं, तेवढा हँडब्रेक घट्ट करून द्या म्हणाले. माझ्याकडे चार गाड्या उभ्या होत्या. मी दांडीभोवतीचं झाकण, म्हणजे कन्सोल, उचलला, नटाला दोन फेरे दिले, दांडी पाचव्या खटक्यावर घट्ट झाली आणि गाडी दिली. दुसऱ्या दिवशी घाटात त्यांनी गाडी चढावर लावली, आई मागच्या सीटवरून उतरल्या, दोन पावलं बाजूला झाल्या आणि गाडी मागे निघाली. कडेच्या दगडी कठड्याला जाऊन थांबली. बंपर आणि डिकी गेली, माणसांना काही झालं नाही. सोमवारी मी स्वतः जाऊन गाडी ओढून आणली आणि ड्रम उघडला. डाव्या चाकात लायनरची पूड ब्रेक ऑइलमध्ये भिजून काळी, चिकट, पेंडीसारखी बसली होती. व्हील सिलिंडरचं (पायाचा ब्रेक दाबल्यावर ऑइलच्या दाबानं लायनर ढकलणाऱ्या भागाचं) रबर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं जरा उचललं तर आतून ऑइलचा ओघळ आला. असल्या लायनरला केबल कितीही ताणली तरी पकड येणारच नव्हती. ते दुरुस्तीचे पैसे मी घेतले नाहीत. त्या दिवसापासून माझ्याकडे ड्रम उघडल्याशिवाय हँडब्रेकचा नट कुणी पिळत नाही.

आता तुम्ही काय करायचं. हाताला थोडी सवय असेल तर बरंचसं घरी बघता येतं. जागा सपाट हवी. हे काम हँडब्रेक सोडून करायचं असतं, म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या पुढे-मागे चांगले मोठे दगड लावा. मागून जॅकवर उचलली की खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर विसंबून चाकाजवळ बसू नका, पाच मिनिटांचं काम असलं तरी नको.

पहिलं काम म्हणजे केबल सैल करणं. दांडीच्या बुडाशी, कन्सोलखाली नट असतो, तो दांडी खाली असताना केबलला अजिबात ताण राहणार नाही इतका मागे घ्या. मग चाकं हातानं फिरवून बघा. डावं चाक अजूनही जड फिरत असेल तर अडचण त्या ड्रममध्ये किंवा त्या बाजूच्या केबलमध्ये आहे हे इथंच कळतं.

चाक काढल्यावर ड्रम सहसा हातानं निघत नाही. बऱ्याच ड्रमना आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यांत बोल्ट घालून आळीपाळीनं थोडे थोडे पिळले की ड्रम सरळ बाहेर येतो. कडेवर हातोडा मारू नका, बीडाचा ड्रम तडकतो. काही गाड्यांत ड्रमच्या मधोमध बेअरिंगचा मोठा नट असतो. तुमची तशी असेल तर घरचं काम तिथंच थांबवा. तो नट ठरलेल्या टॉर्कनंच, म्हणजे मोजून दिलेल्या जोरानंच, बसवावा लागतो, अंदाजानं बसवला तर बेअरिंग जातं.

आतली पूड तोंडानं फुंकू नका आणि कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचं आणि आपल्या गाडीत कुठले लायनर बसलेत याची खात्री नसते. ओल्या फडक्यानं पुसा किंवा ब्रेक क्लीनरनं भिजवून खाली ट्रेमध्ये उतरवा.

मग सावकाश बघा. आधी सिलिंडरची दोन्ही रबरं. आत ओल दिसली तर सिलिंडर बदला, त्याबरोबर दोन्ही बाजूंचे लायनरही बदला आणि ब्रेकमधली हवा काढून घ्या. ऑइल प्यायलेला लायनर पेट्रोलनं धुऊन किंवा जाळून परत बसवणारे आहेत. वरून कोरडा दिसतो, पण तापला की आतलं ऑइल पुन्हा वर येतं. लायनरची जाडी १ मिमीवर आली की तो संपला. मी दीड-दोनलाच बदलतो, कारण त्यानंतर झीज कधी रिव्हेटला किंवा पत्र्याला लागेल ते चालवणाऱ्याला कळत नाही. लायनर जाड आहेत पण काचेसारखे चकाकतात, असं असेल तर खरखरीत पॉलिश पेपरनं ती चकाकी उतरवा. ड्रमला आतून कडेला मोठी धार आली असेल तर व्यास मोजून घ्या. किती व्यासापर्यंत ड्रम चालतो तो आकडा बहुधा ड्रमवरच असतो.

ॲडजस्टरचे दाते बोथट झालेत का, तो हातानं मोकळा फिरतो का, हे बघा. केबल जिथं अडकते तो लिव्हर बोटानं मागेपुढे करून बघा. तुमच्या डाव्या चाकात मला याचीच शंका आहे. लिव्हरच्या खिळ्याशी गंज असेल तर साफ करून ब्रेकसाठी मिळणारं उष्णता सोसणारं ग्रीस अगदी टिपकाभर लावा, आणि लायनरला त्याचं बोटही लागू देऊ नका. केबल लिव्हरमधून काढून दुसऱ्या कुणाला दांडी हलवायला सांगा. आतली तार सरळ परत जायला हवी. ती अडखळत असेल किंवा बाहेरची नळी कुठं फाटून गंज फुगला असेल तर केबल बदला. नुसतं तेल घातलं तर ती महिनाभर चालते आणि नेमकी पावसात परत अडकते. महाबळेश्वर, मेढा, बामणोली या भागातल्या गाड्यांत हे मी फार बघतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्या पाण्यात चालणाऱ्या गाडीची मागची केबल चाकाजवळच्या टोकाला आधी जाते.

बसवताना क्रम चुकवू नका. ॲडजस्टर इतका फिरवा की ड्रम लायनरवरून बसताना अगदी हलका घासेल. दोन्ही ड्रम बसल्यावर, हँडब्रेक सोडलेलाच ठेवून, पायाचा ब्रेक पंधरा-वीस वेळा पूर्ण दाबा आणि सोडा. ॲडजस्टर चांगला असेल तर आतून बारीक टिक-टिक ऐकू येते आणि मग थांबते. ती थांबली म्हणजे लायनर आपल्या जागी आले. त्यानंतर केबल. दांडी पूर्ण खाली असताना दोन्ही चाकं मोकळी फिरायला हवीत. दोन-तीन खटक्यांवर हातानं फिरवताना ओढ लागायला हवी, आणि ती डावीकडे-उजवीकडे सारखी हवी. पूर्ण पकड किती खटक्यांवर यावी ते गाडीच्या पुस्तकात असतं. छोट्या गाड्यांत बहुधा पाच ते आठच्या मधलं असतं. कुणी दोन खटक्यांवर घट्ट करून कौतुक सांगत असेल तर ती केबल नको तेवढी ताणलेली आहे.

दांडी वर अडकत नसेल, झटक्यानं खाली येत असेल, तर तिच्या बुडाचे दाते गेलेत. त्याला ताणून उपाय नाही, दांडीचा सेट बदलावा लागतो.

हे सगळं मागे ड्रम असलेल्या गाडीचं झालं. मागे डिस्क असेल तर काम वेगळं आहे, आणि बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर घरी अजिबात उघडू नका. बहुतेक गाड्यांत त्याची मोटर आधी स्कॅनरनं सर्व्हिस मोडमध्ये न्यावी लागते.

काम होईपर्यंत गाडी वापरायची असेल तर चढावर तोंड वर करून लावताना पहिला गिअर टाका, उतारावर तोंड खाली असेल तर रिव्हर्स, आणि चाकाला दगड लावाच. नुसत्या गिअरवर सोडू नका. इंजिनातलं कॉम्प्रेशन हळूहळू सुटतं आणि गाडी हिसक्या-हिसक्यानं खाली येते. पुढची चाकं अशी वळवून ठेवा की गाडी सरकलीच तर दरीकडे न जाता डोंगराच्या बाजूला टेकेल. पावसाळ्यात गाडी आठ-पंधरा दिवस एका जागी राहणार असेल तर मात्र सपाट जागी लावा आणि हँडब्रेक ओढूच नका, गिअर आणि दगड पुरे. ओला लायनर ड्रमला चिकटून बसतो आणि नंतर जोर लावून गाडी हलवली की अस्तर सुटून येतं.

आणखी एक. कुणी म्हणेल पायाचा ब्रेक चांगला आहे ना, मग हँडब्रेक एवढा काय मनावर घेता. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ९६ प्रमाणे गाडीला दोन स्वतंत्र ब्रेक लागतात, पायाचा एक आणि पार्किंगचा एक. हँडब्रेकला तेलाची नळी नाही, साधी तार आहे, ती यासाठीच. घाटात पायाखालचा ब्रेक निकामी झाला तर गिअर उतरवत उतरवत गाडी थांबवायला हातात एवढंच उरतं.

गॅरेजमध्येच करून घेणार असाल तर आधीच सांगा, ड्रम माझ्यासमोर उघडा. पुढची दोन्ही चाकं नीट अडवूनच उचलायला लावा. उघडल्यावर आत काय दिसलं ते इथं लिहा, डाव्या आणि उजव्या चाकाचं वेगवेगळं: रबरांखाली ओल आहे का, लायनर किती उरलेत, लिव्हर पूर्ण मागे जातो का. फोटो टाकलात तर अजून बरं. त्यावरून नक्की काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं ते सांगतो.