जुन्या घराच्या नूतनीकरणात मापाची कपाटे करून घेताना सुरुवात कोठून करावी?

परभणीतील वडिलोपार्जित घराचे नूतनीकरण करताना स्वयंपाकघरात आणि निजायच्या खोलीत मापाची कपाटे करून घ्यायची आहेत, पण सुरुवात कशी करावी, असे आपण विचारले आहे. मी लातूरमध्ये बरीच वर्षे घरांचे फर्निचरकाम करतो. सुताराला बोलावण्यापूर्वी वर्षभराचे धान्य आणि साठवणीचे पाणी कोठे राहणार हे ठरवावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आपल्याकडे उन्हाळ्यात ज्वारी, गहू आणि तूरडाळ वर्षाची भरून ठेवण्याची रीत अनेक घरांत आजही आहे. दुकानात मांडलेल्या तयार स्वयंपाकघरांच्या आखणीत मात्र महिन्याचा किराणा गृहीत धरलेला असतो, त्यामुळे क्विंटलभर धान्याची कोठी शेवटी जिन्याखाली जाते. ओट्याची उंची साधारण 32 ते 34 इंच असते. त्याहून उंच कोठीसाठी ओट्याशेजारी तळफळी नसलेला उभा खण सोडावा, म्हणजे सारे वजन फरशीवर येईल, आणि झाकण उघडून हात आत घालता येईल एवढी मोकळी जागा वर राखावी. पाण्याच्या पिंपांनाही अशीच हक्काची जागा हवी. 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे राहून ही गोष्ट मी गौण मानू शकत नाही.

ओट्याखालचे कप्पे कडप्प्याचे करावेत. त्याला ना वाळवी लागते, ना तो पाण्याने फुगतो. दारांसाठी आणि सिंकजवळच्या कामासाठी आयएस 710 (पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायवूडचे भारतीय मानक) चे चिन्ह असलेले प्लायवूड घ्यावे, कोरड्या खोलीतील कपाटांना आयएस 303 (साधारण वापराच्या प्लायवूडचे मानक) चे चालते. सांगाडा 18 मिलिमीटरचा असला तरी तीन फुटांहून लांब फळी वजनाने वाकते, म्हणून मध्ये उभी फळी द्यावी. कपडे टांगण्याच्या कपाटाची खोली 22 ते 24 इंच ठेवावी. गाद्या आणि गोधड्यांसाठी पलंगाखालची पेटी पुरते.

जुन्या घराच्या भिंती मात्र नीट तपासाव्यात. दगडमातीच्या भिंतीत स्क्रू पकड घेत नाही, म्हणून भिंतीवर लटकणाऱ्या कपाटांऐवजी जमिनीवर उभी राहणारी कपाटे करावीत. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर आमच्या भागात उशाशी जड सामान टांगण्याचे अनेकजण टाळतात, आणि ते योग्यच आहे. भिंत व फरशी यांच्या सांध्यात छिद्रे पाडून वाळवीचे औषध आधीच भरून घ्यावे, कारण कपाटे बसल्यावर तेथे हात पोहोचत नाही. तळाशी चार इंच मोकळी जागा ठेवली, तर वाळवीच्या मातीच्या नळ्या वेळेवर दिसतात.

वायरिंग, नळकाम, गिलावा आणि फरशी पूर्ण झाल्यावरच अंतिम मापे घ्यावीत. जुनी भिंत क्वचितच ओळंब्यात असते. म्हणून खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी रुंदी मोजून सर्वांत कमी माप धरावे आणि उरलेली फट पट्टीने झाकावी.