आजी दहा मिनिटांपूर्वीचं विसरते, मग पोळ्या पूर्वीसारख्याच कशा लाटते? मुद्दाम करत असेल का?

मुद्दाम नाही, एवढं आधी घरात सगळ्यांना सांगा. तोच प्रश्न ती चौथ्यांदा विचारते तेव्हा तिच्या लेखी तो पहिल्यांदाच विचारलेला असतो.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. स्मृतीचा धडा हेन्री मोलेसनवाचून पुढे सरकत नाही. अमेरिकेतला हा तरुण फिट्सनी बेजार झाला होता. 1953 साली, तो 27 वर्षांचा असताना, विल्यम स्कोव्हिल या सर्जनने त्याच्या मेंदूत दोन्ही बाजूंना खोलवर असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाचा बराचसा तुकडा काढून टाकला. फिट्स कमी झाल्या, पण नवीन काही लक्षात राहीना. बुद्धी शाबूत, बोलणं नीट, लहानपण आठवतंय. मात्र आत्ता भेटून गेलेला माणूस परत आला की अनोळखी.

ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. करून बघा, हात भलतीकडेच जातो. हेन्री तीन दिवसांत त्यात चांगला तरबेज झाला, आणि तरीही दर वेळी ‘हे मी कधी केलेलंच नाही’ म्हणायचा. म्हणजे प्रसंग लक्षात राहणं आणि हाताला वळण लागणं ही मेंदूतली दोन वेगळी खाती आहेत. प्रसंगांची नोंद व्हायला हिप्पोकॅम्पस लागतो. सरावाचं काम मुख्यतः बेसल गँग्लिया (मेंदूच्या आत खोलवरचे पेशींचे पुंजके) आणि लहान मेंदू सांभाळतात. जुन्या आठवणी तर मेंदूच्या बाह्यपटलात इतक्या पसरलेल्या असतात की त्यांना हिप्पोकॅम्पसचा आधार फारसा लागत नाही. अल्झायमरमध्ये पडझड बहुधा हिप्पोकॅम्पसच्या आसपासच सुरू होते. त्यामुळे सकाळचा नाश्ता पुसला जातो, लग्नातलं रुसणं-फुगणं राहतं, आणि लाटणं तर राहतंच.

पण तुमच्या आजीला अल्झायमरच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही, आणि तुम्हीही ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. बी-12 ची कमतरता (शाकाहारी घरांत ही हमखास बघावी), थायरॉइड, नैराश्य, काही औषधं यांनीही विसराळूपणा येतो आणि त्यावर उपचार होतात. कानही तपासा. ऐकूच आलं नसेल तर आठवणार काय?

घरी ‘सांग बरं, मी कोण?’ अशी परीक्षा घेणं बंद करा. पाहुण्यांसमोर तर नकोच, फार जिव्हारी लागतं. ‘आजी, मी तुझी नात’ असं आपणच सांगून बोलायला सुरुवात करावी. पोळ्याही लाटू द्या. गॅसजवळ मात्र कुणीतरी थांबा.

न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना आजीच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, झोपेची गोळी घेत असेल तर तीसुद्धा.