डिसेंबरातला ब्रास बँड : आई-बाबांना न्यावं का?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये, हडर्सफील्डजवळच्या एका छोट्या गावात राहतो. सध्या सासू-सासरे आलेले आहेत. मुलगी नऊ वर्षांची, शाळेत बॅरिटोन हॉर्न हे पितळी वाद्य शिकते. तिच्या बाईंनी गावच्या ब्रास बँडच्या ख्रिसमस कार्यक्रमाचं पत्रक हातात दिलंय. बाहेरून युफोनियम या पितळी वाद्याचे एक नावाजलेले वादक पाहुणे म्हणून येणार आहेत. कार्यक्रम मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, आहे. सासूबाईंचं माहेर नगरचं, त्या म्हणतात, "आपण चर्चमध्ये कशाला?" सासरे पुण्याचे, कानाला यंत्र लावतात. नवऱ्याचं म्हणणं, अडीच तास लाकडी बाकावर कोण बसणार! मला मात्र जायचंय. कसं जमवू?

उत्तर : ताई, जा. पण सासूबाईंना गोड बोलून, अर्धवट सांगून नेऊ नका. "नुसता गाण्याबजावण्याचा कार्यक्रम आहे हो" म्हणून न्यायचं आणि तिथे सगळे उभे राहून येशूजन्माची गाणी म्हणायला लागले की त्यांनी तुमच्याकडे बघायचं, असं होऊ देऊ नका. आपल्या घरांमध्ये निम्मी धुसफूस न सांगितलेल्या गोष्टींचीच असते.

काय होणार ते आधीच सांगा. तुमच्याकडची मेथडिस्ट चॅपलं साधी असतात. मूर्ती नाहीत, धूप नाही. लाकडी बाकं, वर सज्जा आणि समोर भला मोठा ऑर्गन. कित्येक गावांत शे-दोनशे माणसं एकत्र बसतील अशी जागाच ती एक, म्हणून बँडही तिथेच वाजतो. सुरुवातीला तिथले पाद्री दोन शब्द बोलतील, एखादा उतारा वाचला जाईल. मधूनमधून कॅरल असतील, म्हणजे बँड वाजवणार आणि प्रेक्षक उभे राहून गाणार. शब्द कार्यक्रमपत्रिकेत छापलेले असतात. उभं राहिलात तर बरं दिसतं. गायलंच पाहिजे असं काही नाही, आणि गुडघ्यांमुळे बसून राहिलात तरी कोणी विचारायला येत नाही. एवढं सांगूनही त्या नको म्हणाल्या, तर एक तिकीट कमी काढा आणि विषय सोडा. घरी आल्यावर "तुम्ही काय घालवलंत माहितीये का" हेही नको.

बँड कोणाचा आहे तेही पत्रकावर बघून घ्या. गावचा बँड वेगळा आणि मुक्तिफौजेचा, म्हणजे साल्व्हेशन आर्मीचा, बँड वेगळा. मुक्तिफौज हा मुळात ख्रिस्ती पंथ आहे. त्यांचा बँड उपासनेचा भाग म्हणून वाजतो, त्यामुळे तिथे प्रार्थना जास्त आणि शेवटी मदतीचं आवाहन. त्यातही वाईट काही नाही. सासूबाई नगरच्या आहेत म्हणजे बूथ हॉस्पिटल त्यांना सांगायला नको. ते याच मंडळींचं. 1882 साली ते मुंबईत उतरले, तेव्हापासून महाराष्ट्रात आहेत. कदाचित या एका धाग्यावर त्या स्वतःच तयार होतील.

आता सासरे. मला वाटतं, तुमचं खरं गिऱ्हाईक तेच आहेत आणि तुम्ही त्यांना उगाच यंत्राच्या काळजीत बसवून ठेवलंय. पुण्याच्या माणसाला ब्रास बँड म्हणजे काय हे यॉर्कशायरने शिकवायचं? विसर्जनाच्या मिरवणुकीत प्रभात बँड ऐकण्यासाठी लक्ष्मी रोडवर ताटकळलेली पिढी ती. लग्नाच्या वरातीतल्या बँडमध्ये ट्रंपेटच्या मागे पोटाशी धरलेलं, तोंड वर केलेलं जाडजूड पितळी वाद्य त्यांनी शंभरदा पाहिलंय. तेच युफोनियम. आपल्याकडची अशी वाद्यं बरीचशी मेरठच्या जली कोठी भागात बनतात. तिथली नादिर अली कंपनी 1885 पासूनची. फरक एवढाच की वरातीच्या गोंगाटात त्या वाद्याचा खरा आवाज कधी कानी पडत नाही. चॅपलमध्ये पडेल. पुरुषाच्या भरदार गळ्याच्या पट्टीतला, गोल, कुठेही कर्कश न होणारा.

पाहुणे वादक बहुधा एक संथ चीज वाजवतील आणि एक तयारीची. तयारीची म्हणजे जुनी ओळखीची धून आधी सरळ मांडायची आणि मग तिचीच रूपं एकामागून एक, दर वेळी अधिक जलद. आपल्याकडे बंदिश मांडून गवई द्रुत तानांवर येतो तसं. मध्येच बँड थांबेल आणि वादक एकटा उरेल. तिथे बाबांना कोपराने खुणावा. काही वादक तेव्हा फुंकता फुंकता गळ्यातून वेगळा सूर गुणगुणतात, आणि एकाच वाद्यातून दोन-तीन सूर एकदम ऐकू येतात. दर वेळी होतंच असं नाही. झालं तर रात्री जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय निघणार नाही.

कानाच्या यंत्राचं : पंचवीस पितळी वाद्यं आणि वर ढोल-झांजा, तेही बंद जागेत. यंत्राचा आवाज आधीच कमी करून ठेवायला सांगा आणि पहिल्या चार रांगा टाळा. बँड घोड्याच्या नालेसारखा बसतो. कंडक्टरच्या डावीकडे कॉर्नेट (ट्रंपेटचंच आखूड भावंड), उजवीकडे बहुतेक वेळा सरकत्या नळीचे ट्रॉम्बोन, मागे खर्जातले अगडबंब ट्युबा. कॉर्नेट आणि ट्रॉम्बोनची तोंडं समोर असतात, त्यांचा मारा थेट येतो. युफोनियमचं तोंड छताकडे, म्हणून त्याचा आवाज वरून पसरतो. जिने चढवत असतील तर सज्ज्यात बसा. ऐकूही छान येतं आणि बोटं दिसतात.

बोटं दिसणं मुलीसाठी महत्त्वाचं. बॅरिटोन आणि युफोनियम सख्खी भावंडं; दोन्हींची नळी उलगडली तर साधारण नऊ फुटांची, युफोनियमची फक्त जास्त रुंद होत जाते. तिच्या बॅरिटोनला तीन व्हॉल्व्ह, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा, असतील. पाहुण्यांच्या वाद्याला चौथा असेल, आणि तो बाजूला, डाव्या हाताने दाबायचा. तो कधी दाबतात ते बघायचं, एवढं एकच काम तिला द्या. आणखी एक गोष्ट तिच्या बाईंनी कदाचित सांगितली नसेल : ब्रास बँडमध्ये बास ट्रॉम्बोन सोडला तर सगळ्यांचं नोटेशन एकाच पद्धतीने लिहितात, आणि व्हॉल्व्हच्या सगळ्या वाद्यांची बोटंही सारखीच. म्हणजे आज बॅरिटोनवर घोटलेलं उद्या युफोनियमवर, अगदी ट्युबावरसुद्धा चालतं. छोट्या गावांचे बँड टिकून राहिले त्याचं हे मोठं कारण. कोणी गाव सोडलं की शेजारचा त्याच्या खुर्चीवर सरकतो.

मध्यंतरात पाहुणे बहुतेक वेळा सीडीच्या टेबलापाशी उभे असतात. मुलीला घेऊन जा, वाद्य जवळून बघू का असं तिलाच विचारू द्या. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि कृपा करून "बाळा, तू काय शिकलीस ते काकांना सांग" हे करू नका. आपल्याला ही खोड फार.

यजमानांना फार समजावत बसू नका. एवढंच सांगा की समोर बसलेले वादक धंदेवाईक नाहीत. कोणी पोस्टमन, कोणी दाताचा डॉक्टर, कोणी त्याच शाळेतला शिक्षक. दिवसभर नोकरी करून आठवड्यातून दोनदा सरावाला येणारे. तुमच्या भागात हे गिरण्यांच्या काळापासून चालत आलंय. क्वीन्सबरीच्या ब्लॅक डाइक गिरणीचा बँड 1855 चा. तुमच्या शेजारच्या ब्रिगहाउसचा बँड लोकवर्गणीवर उभा राहिला आणि अजूनही ते अभिमानाने सांगतो. बार्न्सलीकडच्या ग्राइमथॉर्पची कोळशाची खाण बंद होणार हे 1992 च्या ऑक्टोबरात जाहीर झालं आणि त्याच महिन्यात तिथल्या बँडने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पुढल्या वर्षी खाण गेली, बँड राहिला. हे ऐकूनही ते पेंगले, तर पेंगू द्या. पहिला अर्धा भाग थोडा जड असतो. दुसऱ्यात ट्युबांवर झिरमिळ्या, डोक्यावर सांताच्या टोप्या आणि ओळखीच्या धुना असतात. मध्यंतरात निघून मात्र येऊ नका.

बाकीचं भराभर. कार्यक्रम साडेसातला असेल तर जेवूनच निघा. मध्यंतर नऊच्या आसपास होतं आणि तिथे चहा-बिस्किटांपलीकडे फारसं काही मिळत नाही. चिवड्याची पिशवी सज्ज्यातून खालच्या कॉर्नेटवाल्यालाही ऐकू जाते. मिन्स पायमध्ये नाव तसं असलं तरी मांस नसतं, सुकामेवा आणि सफरचंद असतं. पण जुन्या पद्धतीत त्यात गाईची चरबी, म्हणजे सुएट, घालतात. हल्ली बरेच जण वनस्पतीजन्य वापरतात. म्हणून "यातलं सुएट व्हेजिटेबल आहे का?" असं विचारून घ्या, कोणी राग मानत नाही. गरम मसालेदार लाल पेय दिसलं तर घाबरू नका, मेथडिस्ट चॅपलमध्ये दारू चालत नाही; इतर ठिकाणी मात्र ती वाइन असू शकते. चॅपल एक तर गारठलेलं असतं नाहीतर भट्टीसारखं, तेव्हा सासूबाईंना शाल आणि बाकासाठी एक उशी. टाळ्या कधी वाजवायच्या कळलं नाही तर कंडक्टरचे हात खाली येईपर्यंत थांबा. आणि दोन गाण्यांमध्ये वादक वाद्य तिरकं करून जमिनीवर पाणी सांडतात, तेव्हा सासूबाई "शी!" म्हणणारच. ते बहुतांशी श्वासाची वाफ नळीत थंड होऊन झालेलं पाणी असतं. आधी सांगून ठेवा.

हाच प्रश्न अमेरिकेतल्या वाचकांनाही पडत असेल, तर तिथे एक सोपी सोय आहे. ट्युबा-ख्रिसमस म्हणून मोफत कार्यक्रम डिसेंबरात गावोगावी होतात. ट्युबावादक हार्वी फिलिप्स यांनी आपले गुरू विल्यम बेल यांच्या सन्मानार्थ 1974 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये तो सुरू केला; बेल यांचा जन्मच 25 डिसेंबरचा. ट्युबा आणि युफोनियमच्या घराण्यातलीच वाद्यं, शेकड्यांनी. बरेचदा तो उघड्यावर असतो, त्यामुळे आजी-आजोबांना गरम कपड्यांत गुंडाळून न्या. कंटाळा आला तर निघून येता येतं, ही त्यातली सोय.

सुटे पैसे न्यायला विसरू नका, ताई. दाराशी रॅफलची, म्हणजे सोडतीची, रंगीत तिकिटं पट्टीने विकतात आणि तो पैसा बँडच्या गणवेशाला, वाद्यांच्या दुरुस्तीला जातो. पट्टी सासूबाईंच्या हातात द्या, आकडे पुकारतात तेव्हा त्यांना झोप येणार नाही. बक्षीस बहुधा चॉकलेटचा डबा वगैरे असतं.