वाचक विचारतात: उघड्यावरची शिल्पं कशी बघावीत?

प्रश्न : नातवंडांना दगडी शिल्पं दाखवायचीत, पण बंद संग्रहालयात मुलं कंटाळतात. उघड्यावर, मोकळं फिरत बघता येईल असं जवळपास काही आहे का? (एक आजोबा, उदगीर)

उत्तर : काका, देगलूर तालुक्यातलं होट्टल तुम्हाला जवळ आहे. तिथल्या चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरी, म्हणजे अप्सरांसारख्या सुंदर स्त्रियांच्या मूर्ती, आहेत. सकाळी लवकर पोहोचा. आपला काळा बेसाल्ट दगड भर दुपारी सपाट दिसतो. ऊन तिरपं पडलं की हाराचे मणीसुद्धा सुटे दिसतात, कमरेचा बाक उठून येतो. एकाच मूर्तीपुढे मुलांना बसवा, वही-पेन्सिल द्या. मी माझ्या भाच्यांना असंच बसवते. सगळं बघायची घाई मला मुळीच पटत नाही.

हात मात्र लावू देऊ नका. घाम आणि तेलाने दगड काळपट, तुळतुळीत होतो, बारीक रेघा बुजतात. तेल-कुंकू तर नकोच.

पुढे औंढा नागनाथला बाहेरच्या भिंतीवरचे हत्ती दाखवा. वेरूळला जाणार असाल तर मंगळवार टाळा, लेणी बंद असतात. आणि कैलासच्या अंगणात शिरताच मुलांना सांगा, हे वरून खाली कोरत आणलंय!