लाइनवरून सुपरवायझर झालात? आधी शिफ्ट बदलतानाची दहा मिनिटं सांभाळा

तुम्ही लिहिलंय ते असं: नाशिकजवळच्या अंबडमध्ये सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या) मशीनच्या शॉपमध्ये ऑपरेटरचे सुपरवायझर झालात, हाताखाली 14 माणसं आहेत, रिजेक्शनवरून, म्हणजे बाद झालेल्या नगांवरून, दोन शिफ्टमध्ये रोज वाद होतो आणि वयाने मोठे ऑपरेटर 'कालपर्यंत आपल्यातच डबा खायचा' म्हणून ऐकत नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की माणसांच्या स्वभावाला आत्ता हात घालू नका. आधी हँडओव्हर, म्हणजे एका शिफ्टने दुसरीच्या हाती काम सोपवणं, नीट करा.

हँडओव्हर केबिनमध्ये नाही, मशीनपाशी घ्यायचा. जाणारा आणि येणारा, दोघेही हजर. रजिस्टरमध्ये लिहायचं: शेवटचा ऑफसेट (माप जुळवायला मशीनमध्ये भरलेली टूलची दुरुस्ती) कोणत्या टूलचा, किती मायक्रॉनने आणि कशासाठी बदलला; चालू इन्सर्टवर (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक) किती नग झाले; ओके, रीवर्क (पुन्हा काम करून सुधारायचे) आणि रिजेक्ट किती; काही अलार्म किंवा वेगळा आवाज आला का. लाल पेटीतले, म्हणजे रिजेक्ट झालेले, नग दोघांनी समोरासमोर मोजायचे. मग शेवटचा नग दोघांनी एकाच गेजने (मापाच्या साधनाने) तपासायचा. दोन मायक्रोमीटर असले आणि एकाचं शून्य सरकलेलं असलं, की चांगल्या नगावरूनही भांडण होतं. ऑफसेट लिहिला नसेल तर येणारा तोच बदल पुन्हा देतो आणि माप दुसऱ्या टोकाला जातं. थांबून थंड झालेल्या मशीनवर मघाचाच साइज मिळेल याची खात्री नसते, म्हणून जेवणाच्या सुट्टीनंतरचाही पहिला नग तपासूनच पुढे जायचं.

ही दहा मिनिटं माणसांच्या खिशातून काढू नका. एक तर तेवढं टार्गेट कमी करून घ्या, नाहीतर ओव्हरटाइम मंजूर करून घ्या. फुकट थांबवलंत तर आठवडाभरात रजिस्टर घरबसल्या भरल्यासारखं दिसायला लागेल, रोज तेच आकडे.

आता ज्येष्ठांचं. 'काका' म्हणत होतात तर काकाच म्हणा, हुद्दा दाखवायला हाक बदलू नका. चूक मात्र त्याच शिफ्टमध्ये, बाजूला नेऊन, आकड्यात सांगा: 'काका, आज तीन नंबरच्या मशीनवर 11 नग ओव्हरसाइज गेले, इन्सर्ट बदलल्याची नोंद नाही. काय अडचण आली?' आणि मग गप्प राहा. इथेच बहुतेक नवे सुपरवायझर घाई करतात. उत्तर यायच्या आधी स्वतःच कारण पुरवतात आणि खरं कारण (इन्सर्ट स्टोअरमध्ये संपलेले असणं, गेज कॅलिब्रेशनला गेलेलं असणं) बाहेर येतच नाही. अडचण तुमच्या हातातली असेल तर कधीपर्यंत सोडवणार तो दिवस सांगा. तीच चूक पुन्हा झाली तर त्यांच्यासमोर नोंद करा, तिसऱ्यांदा झाली तर एचआरला सोबत घ्या. महिन्याचा राग साठवून सगळ्यांसमोर काढलात, तर बाकीचे तेरा जण त्यांच्या बाजूने उभे राहतील. आणि नव्या मुलांना सेटिंग शिकवायचं काम त्यांच्याकडे द्या. हा मान खरा आहे, कारण ते कौशल्य खरंच त्यांच्याकडे आहे.

गैरहजेरीवर ओरडून काही होत नाही, पण ती बरीचशी आधी कळते. इगतपुरी-त्र्यंबकच्या पोरांना जुलैत भाताची आवणी (लावणी) असते, निफाड-दिंडोरीच्या घरांत फेब्रुवारी-मार्चला द्राक्षकाढणी. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा, चैत्रात वणीची. नाशकात रंग खेळतात तो रंगपंचमीला. धुळवडीची सुट्टी देऊन रंगपंचमीला पूर्ण हजेरी धरलीत तर मशीन बंद पडणार. हे सगळं एका कॅलेंडरवर मांडा आणि तीन आठवडे आधी रजा लिहून घ्या. सोबत एक तक्ता करा: कोणतं मशीन कोण चालवू शकतो, सेटिंग कोण करू शकतो. ज्या मशीनसमोर एकच नाव आहे तिथे आधी दुसरा माणूस तयार करा.

सुरुवात सगळ्या मशीनवर करू नका. सगळ्यात जास्त रिजेक्शनची तीन घ्या आणि पहिले दोन आठवडे शिफ्ट बदलताना स्वतः तिथे उभे राहा.