शब्दकोशाला गेले, विश्वकोश घेऊन आले

प्रश्न : ताई, साताऱ्याच्या ग्रंथ महोत्सवाला गेले ती मुलीच्या शब्दकोशासाठी. परत आले अकरा पुस्तकं घेऊन, त्यात मराठी विश्वकोशाचे दोन सुटे खंड. शब्दकोश राहूनच गेला! घरचे म्हणतात, पैसे पाण्यात घातलेस. माझं चुकलं का?
— एक वाचक, कोरेगाव

उत्तर : शब्दकोश राहिला तेवढं चुकलं, तो या आठवड्यात आणा. विश्वकोशाचे खंड मात्र कुणाला देऊन टाकू नका. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी आपल्या वाईत बसून उभं केलेलं काम आहे ते. पहिला खंड १९७६चा. नोंदी आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात, खरं आहे. पण एक शोधताना शेजारची दुसरी नोंद डोळ्यांत भरते, ते सुख कागदावरचंच. मुलीला रोज रात्री एक नोंद मोठ्यानं वाचायला लावा.

कादंबऱ्यांबाबत मी कडक आहे. स्टॉलवर उभ्या उभ्या पाच पानं वाचते, मैदानाला एक फेरी मारते आणि तरीही पाय तिकडंच वळले, तरच पाकीट उघडते. नुसती वाचायचीच ओढ असेल, तर भिलारला जा. २०१७पासून तिथं घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत. बसून वाचायला पैसे पडत नाहीत. मुलीलाही न्या.